एलेव्हेटरनं स्पीड की उंची, आणि रडर नेमका कशाला? जरा सविस्तर उत्तर

तुझे प्रश्न तीन आहेत असं धरते. एक, वाचलेल्या नोट्समध्ये एलेव्हेटरनं (शेपटीवरचा आडवा हलणारा भाग) विमान वर-खाली जातं आणि थ्रॉटलनं (इंजिनाची पॉवर) स्पीड बदलतो असं आहे, पण तुझा इन्स्ट्रक्टर बरोब्बर उलटं सांगतो. दोन, वळायला एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) आहेत तर मग रडर (उभ्या शेपटीवरचा हलणारा भाग, पायांनी चालतो) कशाला, आणि टेकऑफला सारखं "राइट रडर, राइट रडर" का ओरडतात. तीन, मॅन्युअलमध्ये स्टॉल स्पीड (स्टॉल म्हणजे काय ते पुढे येतंच) ४८ नॉट (ताशी सागरी मैल) दिलाय तर ६० नॉटला स्टॉलची भीती का दाखवतात. तू सेसना १७२ एसवर शिकतोयस असं लिहिलंयस म्हणून आकडे त्याचेच घेते, बाकी फिजिक्स सगळ्या विमानांना सारखंच.

तिन्हीची मुळं एकाच जागी आहेत, अँगल ऑफ अटॅक. हे एकदा डोक्यात बसलं की कंट्रोल्सबद्दलचे निम्मे वाद आपोआप मिटतात, आणि नाही बसलं तर माणूस पाठांतरावर परीक्षा पास होतो पण विमानात गोंधळतो. गेली बरीच वर्षं मी हेच बघतेय.

पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषा काढ, ती कॉर्ड लाइन. ती आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. आता इथेच बहुतेक जण फसतात, कारण "समोरून" म्हणजे नाकाच्या समोरून नव्हे, विमान खरोखर ज्या दिशेनं चाललंय त्याच्या बरोबर उलट दिशेनं. नाक क्षितिजाच्या वर आहे आणि विमान वरच चाललंय तर कोन छोटा असू शकतो. नाक क्षितिजावरच आहे पण विमान मात्र धपाधप खाली चाललंय तर कोन मोठा. आणि नाक खाली असतानाही योक (हातातलं कंट्रोल, मागे-पुढे होतं आणि फिरतं) जोरात मागे ओढलास तर कोन क्षणात मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणजे खिडकीतून नाक बघून किंवा अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (नाक क्षितिजाच्या वर की खाली ते दाखवणारं मीटर) बघून हा कोन कळत नाही, आणि १७२ मध्ये बहुतेक वेळा तो दाखवणारं मीटरही नसतं. तरीही सगळा खेळ त्याचाच.

लिफ्ट, म्हणजे विमानाला उचलणारा जोर, कशी तयार होते यावर मी इथे फार लिहीत नाही. फक्त वरून जाणारी हवा आणि खालून जाणारी हवा मागच्या कडेला "एकाच वेळी पोचायला हवी" म्हणून वरची पळते, हे जे अजूनही शिकवलं जातं ते विसरून जा. तसं काही बंधन हवेवर नाही, प्रत्यक्षात वरची हवा खालचीच्या आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो, वरच्या बाजूला प्रेशर कमी होतं, खाली थोडं जास्त राहतं, न्यूटन आणि बर्नोली दोघंही बरोबरच आहेत आणि त्यांच्यात भांडण लावायची गरज नाही. तुझ्या कामाचं एवढंच, की लिफ्ट अँगल ऑफ अटॅकबरोबर वाढते आणि स्पीडच्या वर्गाबरोबर वाढते. १०० नॉटवरून ५० नॉटवर आलास तर त्याच पंखातून तेवढीच लिफ्ट काढायला लिफ्ट कोइफिशंट (पंख किती लिफ्ट काढतोय ते सांगणारा आकडा) चौपट लागतो. तो येणार कुठून? कोन वाढवूनच. म्हणून स्लो फ्लाइटमध्ये नाक वर धरावं लागतं.

पण कोन वाढवत गेलं की एक हद्द येते. छोट्या विमानांच्या पंखांना ती साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या भागाला चिकटून राहत नाही, सुटते, लिफ्ट पडते आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) एकदम वाढतो. हाच स्टॉल. लिफ्ट शून्य होत नाही, इंजिनाचा तर काही संबंधच नाही, नातेवाइकांना "विमान स्टॉल झालं" सांगितलं की त्यांना वाटतं इंजिन बंद पडलं, तो भाग वेगळा.

आता तुझे ४८ नॉट. हा आकडा खरा आहे, पण कुठला? विमान पूर्ण २५५० पाउंड वजनाचं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या झडपा) वर, पंख सरळ, आणि पंखांवर फक्त विमानाच्या वजनाएवढाच भार, म्हणजे १ जी. अशा स्थितीत हळूहळू स्पीड कमी करत गेलास तर ४८ ला कोन हद्दीवर पोचतो. अट बदलली की आकडा बदलतो. वळताना लिफ्ट तिरकी होते, तिचा आडवा भाग विमानाला वळवतो आणि उभा भाग वजन पेलतो, उंची टिकवायची तर एकूण लिफ्ट वाढवावी लागते, ती वाढते योक मागे घेऊन म्हणजे परत कोन वाढवूनच. ३० अंश बँकला (पंख तेवढे कललेले असताना) स्टॉल साधारण ५२ ला येतो, ४५ अंशाला ५७ ला, आणि ६० अंशाला पंखांवर दुप्पट भार म्हणजे २ जी, तिथे ६८ ला. आता तुझे ६० नॉट बघ. सरळ उडताना बारा नॉट हातात, ४५ अंश बँकमध्ये तीन. आणि वळायचीच गरज नाही, सरळ उडतानाही योक झटक्यात ओढलास तरी तेच. विमान कुठल्याही स्पीडला आणि कुठल्याही अ‍ॅटिट्यूडला स्टॉल होऊ शकतं असं म्हणतात ते घाबरवायला नाही, शब्दशः खरं आहे. उंचीबद्दलही विचारशील म्हणून सांगून टाकते, वर गेल्यावर इंडिकेटेड एअरस्पीडमध्ये (मीटरवर दिसणाऱ्या स्पीडमध्ये) स्टॉलचा आकडा जवळपास तोच राहतो, कारण पातळ हवा पंखालाही कमी जाणवते आणि मीटरलाही.

१७२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक आहे बघ, प्रीफ्लाइटला त्याच्यावर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून हॉर्न तपासतात ते. ते भोक स्पीड मोजत नाही. कोन वाढला की पंखाच्या पुढच्या कडेवरचा कमी प्रेशरचा भाग सरकून त्या भोकापर्यंत येतो, हवा बाहेर ओढली जाते आणि आतला हॉर्न वाजतो, स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधीच. म्हणजे तुझ्याकडे अँगल ऑफ अटॅकचं मीटर नाही म्हटलं तरी एक बोंबलणारा पहारेकरी आहे, त्याला लँडिंगच्या वेळचा नेहमीचा आवाज समजून दुर्लक्ष करू नकोस.

आता योक. गाडी चालवणाऱ्या माणसाला योक स्टिअरिंगसारखा वाटतो आणि मागे ओढलं की वर जाणार असं हाताला पक्कं वाटत असतं. तसं नाही. योक मागे घेतला की एलेव्हेटर वर उचलला जातो, शेपटी खाली दाबली जाते, नाक उठतं आणि पंखाचा कोन वाढतो. बास, एवढंच काम एलेव्हेटरचं. पुढे काय होणार ते स्पीड आणि पॉवरवर. १०० नॉटला थोडा ओढलास तर विमान वर जाईल. ५५ नॉटला, पॉवर कमी असताना ओढलास तर ड्रॅग वाढेल, स्पीड अजून कमी होईल आणि विमान जास्त वेगानं खाली जाईल. हात तोच, परिणाम उलटा.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे १ जून २००९ चं एअर फ्रान्स ४४७. एअरबस ए३३०, पिटो ट्यूबमध्ये (स्पीड मोजणाऱ्या नळीत) बर्फ साचल्यामुळे स्पीडचे आकडे गेले, ऑटोपायलट सुटला, आणि त्यानंतर साइडस्टिक (एअरबसमध्ये योकच्या जागी असते ती काठी) बहुतांश वेळ मागेच राहिली. विमान साधारण ३८,००० फुटांवरून स्टॉलमध्येच समुद्रात उतरलं, साडेतीन मिनिटांच्या आसपास. शेवटी नाक क्षितिजाच्या सुमारे १६ अंश वर होतं आणि अँगल ऑफ अटॅक ३५ अंशांच्या वर. इंजिनं चालू होती. २२८ माणसं गेली. नाक वर म्हणजे विमान वर, ही समजूत किती महागात पडते ते बघ. स्टॉलमधून बाहेर यायचा पहिला उपाय नेहमी एकच, योक पुढे, कोन कमी. पॉवर, पंख सरळ करणं वगैरे त्यानंतर.

मग एलेव्हेटरनं स्पीड की उंची? स्वतःच करून बघ, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, चांगल्या उंचीवर. ९० नॉटला लेव्हल ट्रिम कर, म्हणजे योकवरचा दाब पूर्ण शून्य. मग हात सोड आणि पॉवर चार-पाचशे आरपीएमनं कमी कर. स्पीड कमी होईल असं वाटतं ना? नाक आपोआप खाली जातं, स्पीड थोडा वाढतो, मग नाक उठतं, स्पीड उतरतो, असे दोन-चार झोके होतात (याला फ्यूगॉइड म्हणतात) आणि विमान परत ९० च्या आसपासच स्थिरावतं, फक्त आता ते खाली चाललंय. पॉवर वाढवलीस तर त्याच ९० च्या आसपास वर जायला लागतं. प्रॉपेलरची हवा शेपटीवर कमी-जास्त पडते म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मुद्दा दिसतो. ट्रिमनं तू एक कोन ठरवून दिलास, कोन ठरला की स्पीड ठरला, आणि पॉवरनं वर जायचं की खाली ते ठरलं. इन्स्ट्रक्टर म्हणतो ते हेच.

तरी नोट्सवाल्यांना अगदी चूक म्हणणार नाही. क्रूझमध्ये वीस फूट उंची दुरुस्त करायची तर कोण पॉवरला हात लावतो, योकनंच करतात. ऑटोपायलटसुद्धा ग्लाइडस्लोप (रनवेकडे उतरायची तिरकी वाट) पिचनंच, म्हणजे नाक वर-खाली करूनच, पकडतो. दोन्ही हात एकत्रच चालतात, वाद फक्त सुरुवातीला काय शिकवायचं याचा आहे, आणि माझं मत विचारशील तर विद्यार्थ्याला आधी पिच म्हणजे स्पीड हेच पक्कं बसवावं. कारण ज्या जागी जीव जातो, म्हणजे कमी उंची आणि कमी स्पीड, तिथे उलटा विचार घातक आहे. इंजिन बंद पडलं आणि रनवे थोडक्यात लांब वाटतोय, हात आपोआप नाक उचलतो, "जरा ताणून नेऊ". १७२ चा बेस्ट ग्लाइड (इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत जायचा स्पीड) ६८ नॉट, पूर्ण वजनाला. त्याच्यापेक्षा हळू गेलास की इंड्युस्ड ड्रॅग (लिफ्ट काढताना होणारा ड्रॅग) वाढतो आणि तू अजून आधीच खाली येतोस. ताणून कोणी पुढे गेलेलं नाही.

रडरकडे येऊ, कारण खरी घाण इथे आहे. डावीकडे वळायला योक डावीकडे फिरवलास, उजवं एलेरॉन खाली गेलं, त्या पंखाची लिफ्ट वाढली, पंख उठला. पण लिफ्ट वाढली की तिच्याबरोबर इंड्युस्ड ड्रॅगही वाढतो, म्हणून उजवा पंख मागे ओढला जातो आणि नाक उजवीकडे जातं. वळायचंय डावीकडे आणि नाक चाललंय उजवीकडे, हा अ‍ॅडव्हर्स यॉ. ६०-६५ नॉटला पाय जमिनीवर ठेवून योक पटकन डावीकडे फिरव आणि काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पुढे लांबचा एक डोंगर किंवा ढग पकडून बघ, नाक क्षणभर चक्क उजवीकडे सरकतं आणि मग नाइलाज झाल्यासारखं डावीकडे येतं. १२० नॉटला हे जेमतेम दिसतं, कारण स्पीड जास्त म्हणजे कोन कमी आणि इंड्युस्ड ड्रॅग कमी. डिझाइन करणाऱ्यांनी वर जाणारं एलेरॉन खाली जाणाऱ्यापेक्षा जास्त फिरेल अशी सोय करून हा प्रकार कमी केलाय, पण संपवलेला नाही.

राइट बंधूंनाही हाच प्रश्न नडला होता. १९०१ च्या ग्लायडरमध्ये पंख मुरडून एक बाजू उचलली की कधीकधी तो पंखच मागे पडायचा आणि ग्लायडर भलतीकडेच वळायला जायचा. १९०२ मध्ये त्यांनी मागे उभी शेपटी लावली, आधी पक्की, मग हलणारी, आणि ती पंख मुरडायच्या यंत्रणेलाच जोडून टाकली. म्हणजे रडर जन्माला आलाच तो विमान वळवायला नाही, वळताना नाक ताळ्यावर ठेवायला. विमान वळतं बँकमुळे. रडर फक्त नाक हवेच्या दिशेला लावून धरतो.

म्हणून नियम असा, एलेरॉन जितका वेळ फिरलेलं आहे तितका वेळ त्याच बाजूचा पाय. बँक बसली, एलेरॉन मधे आलं, पायही जवळपास मधे. बाहेर येताना परत तेच, उलट्या बाजूनं. बरेच विद्यार्थी वळणात शिरताना पाय लावतात आणि बाहेर येताना विसरतात, त्यामुळे रोलआउटला (वळणातून सरळ होताना) बॉल, म्हणजे विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी मीटरमधली गोळी, हमखास बाहेर जातो. बॉल ज्या बाजूला गेलाय त्या बाजूचा पाय दाब, तो मधे येतो.

आता हे नुसतं दिसायला नीटनेटकं म्हणून नाही. बेस ते फायनलचं वळण, म्हणजे उतरताना रनवेच्या रेषेत यायचं शेवटचं वळण, घे. डावा पॅटर्न (रनवेभोवतीचा फेरा, सगळी वळणं डावीकडे), वारा मागून ढकलतोय, रनवेची रेषा ओलांडली. बँक वाढवायची भीती वाटते कारण जमीन जवळ आहे, मग माणूस हळूच डावा पाय दाबतो, नाक तरी वळू दे म्हणून. बाहेरचा उजवा पंख जास्त वेगानं जातो, त्याची लिफ्ट वाढते, बँक आपोआप वाढायला लागते. ती थांबवायला योक उजवीकडे. त्यामुळे खालच्या डाव्या पंखाचं एलेरॉन खाली गेलं, म्हणजे त्या पंखाचा कोन बाहेरच्या टोकाला अजून वाढला. डाव्या पायामुळे नाकही खाली घसरतंय, म्हणून योक मागे. आता बघ तुझे हातपाय कुठे आहेत: डावा पाय पुढे, योक उजवीकडे आणि मागे. विमान स्पिनमध्ये (स्टॉल होऊन गरगर फिरत खाली जाणं) घालायला याच्यापेक्षा चांगली कृती नाही. डावा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटतं, आणि तुझ्याखाली पाचशे फूट किंवा त्याहून कमी. त्यातून बाहेर यायचा क्रम, म्हणजे पॉवर आयडल, एलेरॉन मधे, फिरकीच्या उलट पूर्ण रडर, योक पुढे, तोंडपाठ असला तरी त्या उंचीवर उपयोगाचा नाही. रेषा ओलांडली तर गो-अराउंड मार (लँडिंग सोडून परत वर जा), कोणी हसत नाही. उलट स्लिपमध्ये, म्हणजे नाक वळणाच्या बाहेर राहिलं असेल तर, साधारणपणे वरचा पंख आधी सुटतो आणि विमान सरळ व्हायच्या बाजूला जातं, म्हणून स्लिपला स्किडइतकं (वरचा प्रकार, नाक वळणाच्या आत) घाबरायचं कारण नाही, स्पीड सांभाळला की झालं.

टेकऑफच्या "राइट रडर"चं कारण वेगळं आहे. कॉकपिटमधून बघितलं तर प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. त्याची गोल फिरत मागे जाणारी हवा उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे ओढलं जातं. शिवाय नाक वर असताना प्रॉपेलरचं उजवीकडचं, खाली येणारं पातं जास्त कोनात हवा कापतं आणि जास्त थ्रस्ट (पुढे ओढणारा जोर) देतं, हा पी-फॅक्टर. टॉर्कची (प्रॉपेलर फिरतो त्याच्या उलट विमानाला बसणारा पीळ) थोडी भर. तिन्ही गोष्टी जास्त पॉवर, कमी स्पीड आणि वर असलेलं नाक यांच्याबरोबर वाढतात, म्हणजे क्लाइंबमध्ये सगळ्यात जास्त. ७४ नॉटच्या क्लाइंबमध्ये उजवा पाय सतत लागतो, दमतो पाय, साहजिक आहे.

अजून एक गोष्ट, तू विचारलेली नाहीस पण याच धाग्यातली आहे. मॅन्यूव्हरिंग स्पीड (ज्याखाली झटका बसला तर विमान मोडायच्या आधी स्टॉल होतं) २५५० पाउंडला १०५ नॉट आणि १९०० पाउंडला ९० नॉट, हलक्या विमानाला कमी का? हलकं विमान त्याच स्पीडला छोट्या कोनात उडतं, म्हणून हद्दीपर्यंत त्याच्याकडे जास्त जागा असते. झटका बसला तर स्टॉल होऊन सुटायच्या आधी ते जास्त जी ओढतं, आणि नॉर्मल कॅटेगरीत (साध्या उड्डाणांच्या विमानांचा वर्ग) मर्यादा ३.८ जी आहे. पण या स्पीडखाली कंट्रोल कसेही फिरवले तरी चालतात असं समजू नकोस. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्स ५८७ या ए३०० मध्ये रडर एकामागून एक दोन्ही बाजूंना पूर्ण दाबला गेला आणि उभी शेपटीच तुटली, आणि तेव्हा विमान त्या स्पीडच्या खालीच होतं. ती हमी फार तर एका कंट्रोलच्या एका बाजूच्या एका हालचालीची आहे, उलटसुलट लाथा मारायची नाही.

फ्लॅपबद्दल थोडक्यात, ते पंखाचा आकार बदलून कमी स्पीडला तीच लिफ्ट देतात आणि पूर्ण खाली असताना ड्रॅगही भरपूर. ४८ चा स्टॉल ४० वर येतो. गो-अराउंडला ते एकदम वर घेऊ नकोस, टप्प्याटप्प्यानं घे, नाहीतर विमान खाली बसतं.

पुढच्या फ्लाइटला इन्स्ट्रक्टरला सांगून एक व्यायाम कर. ८० नॉट, लांबचा एक ठसठशीत बिंदू नाकासमोर, आणि हेडिंग न बदलता विमान डावीकडे वीस अंश, लगेच उजवीकडे वीस अंश, असं सतत झुलव. वळायचं नाही, बँकमध्ये थांबायचं नाही, नाक त्या बिंदूवरच. बॉलकडे बघू नकोस, बाहेर बघ. योक फिरवताच नाक उलट्या बाजूला उडी मारत असेल तर पाय उशिरा किंवा कमी येतोय, नाक योकच्याच बाजूला आधी जात असेल तर पाय जास्त. जमलं की तेच ६५ नॉटला कर, आणि तिथे लगेच कळेल की त्याच एलेरॉनला आता पाय कितीतरी जास्त लागतोय.